रावगारूंचा पासपोर्ट

१

नूतक्की भीमेश्वर रावांचा पासपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी नाहीसा झाला आणि त्यापाठोपाठ आमच्या अख्ख्या गल्लीतली वीज गेली. विजेचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दुपारपासून फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताक्षणी गोठणारा पाऊस, चालू होता आणि कॅनडातल्या आमच्या केंब्रिजमधल्या प्रत्येक तारेवर, फांदीवर, ड्राइव्हवेवर बर्फाची काच चढली होती. पासपोर्टचं कारण मात्र कुणालाच सांगता येईना.

रावगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'साहेब') हे माझ्या शेजारच्या मिलिंदचे सासरे. मिलिंद सोलापूरचा, माझ्याबरोबरच गाड्यांच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. त्याची बायको विजयालक्ष्मी हैदराबादची. तिचे वडील तेलुगू सिनेमाचे मोठे निर्माते. सासू-सुनांचे रडके आणि कोपलेल्या देवीचे असे दोन्ही प्रकारचे सिनेमे काढून त्यांनी नाव कमावलं होतं. पाच वर्षांपूर्वी ते राजकारणात शिरले आणि आमदार झाले. बायपासनंतर विश्रांतीला म्हणून ते लेकीकडे आले खरे, पण मार्च २०१९ उजाडला आणि पक्षानं त्यांना पुन्हा तिकीट दिलं. सोमवारी आंध्रात पोहोचून उमेदवारीचा अर्ज भरायचा, तोच शेवटचा दिवस. त्यासाठी शनिवारी रात्रीचं टोरोंटोचं विमान.

पक्षानं त्यांच्यासोबत शिवाजी नावाचा एक सेक्रेटरी धाडला होता. माणूस नावाला सेक्रेटरी. रावगारू वॉशरूमला गेले तरी हा कुणाला तरी मेसेज करायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे गॅसची फायरप्लेस आहे आणि ती विजेशिवाय चालते. त्यामुळे वीज गेल्यावर शेजारची सगळी मंडळी खेकड्यासारखी आडवी चालत, एकमेकांना धरून आमच्या घरी आली. विजयालक्ष्मी, मिलिंद, शाल पांघरलेले रावगारू, आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहणारी जाई. सगळ्यात शेवटी शिवाजी आत आला. त्याच्या हातात चामड्याचं एक तपकिरी पाकीट होतं. पासपोर्ट ठेवायचं पाकीट, आणि ते रिकामं होतं.

पाकीट जाईच्या बेसमेंटमध्ये मिळालं, असं त्यानं सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि पोलिसांना फोन केलाय हेही सांगितलं. रस्त्यांवर बर्फ वितळवायचं मीठ पडलं की उद्या पोलीस येणार होते. जाई दारातच उभी होती, अंगात जॅकेट तसंच, आणि तिला रडूही धड येत नव्हतं.

२

आमच्या घरात तेव्हा माझ्या सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आलेल्या होत्या. प्रभाताई, सोलापूर सीआयडीतून निवृत्त. हिवाळाभर त्या घरात कोंडून पडल्या होत्या आणि गुन्हे नसल्यामुळे माझ्याकडे लक्ष देत होत्या. मी दूध कुठलं आणतो, बूट कुठे काढतो, ऑफिसातून यायला उशीर का होतो, सगळ्याची रोज झडती. त्यामुळे शनिवारी सकाळी त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि "शैलेंद्रराव, मला जरा या पोरीशी बोलायचंय," असं म्हणाल्या, तेव्हा मला आधी हायसंच वाटलं.

जाई मूळची देगलूरची. इथे कॉलेज केलं, वर्क परमिटवर एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर झाली, आणि आता तिचा पीआरचा, कायम वास्तव्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता. भाडं थोडं कमी व्हावं म्हणून शुक्रवारी ती विजयालक्ष्मीच्या घरी झाडलोट आणि कपडे धुणं करायची. चोरीचा आरोप लागला तर फाइल तिथेच थांबणार, कदाचित परतही पाठवतील, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. देगलूरला तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटायची तयारी करून ठेवली होती.

तिची हकीगत सरळ होती. शुक्रवारी दुपारी तिनं रावगारूंची खोली झाडली, मळलेले कपडे गोळा करून खाली नेले. संध्याकाळी मशीन लावण्याआधी सवयीनं खिसे तपासले, तर कुर्त्याच्या खिशात हे पाकीट. रिकामंच होतं. वर नेऊन द्यायचं म्हणून तिनं ते ड्रायरवर ठेवलं, तेवढ्यात दिवे गेले, आणि थोड्या वेळानं शिवाजी टॉर्च घेऊन खाली उतरला.

"काकू, चोरायचंच असतं तर रिकामं पाकीट मी उजेडात कशाला ठेवलं असतं?" ती म्हणाली. "पण हे शिवाजी म्हणतात, खिशात नव्हतंच. सर स्वतः म्हणाले, पासपोर्ट शुक्रवारी सकाळी ड्रॉवरमध्ये होता, पाकिटासकट."

सासूबाईंनी विचारलं, तो कुर्ता कुठाय. मशीन चाललंच नाही, तेव्हा तसाच टोपलीत असणार, असं जाई म्हणाली. मग मला हुकूम सुटला आणि मी दोन घरांमधल्या त्या दहा पावलांच्या बर्फावरून दोनदा आपटत जाऊन टोपली घेऊन आलो. सासूबाईंनी कुर्ता उलगडला, नाकाशी नेला, पाकीटही नाकाशी नेलं, आणि दोन्ही पुन्हा ठेवून दिलं.

३

शिवाजीला बोलायला लावायची गरजच पडली नाही. रावगारूंचं सगळं तो पाहतो, असं त्यानं हैदराबादी हिंदीत ऐकवलं. घरात बाहेरची व्यक्ती एकच, ही मुलगी. त्यानं कपाटं पाहिली, बॅगा पाहिल्या, पिठाचे डबे पालथे घातले, जाईचा पलंगसुद्धा उलटा केला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या माणसाचा प्रवास, मुहूर्तबिहूर्त पाहिला होता की नाही? त्यावर तो दुखावलाच. विजयवाड्याच्या ज्योतिषानं गुरुवारी सकाळी दहाचा मुहूर्त काढून दिला होता. विमान शनिवारी, म्हणून गुरुवारी दहाला सर स्वतः तुमच्याच घरी प्रस्थान ठेवून आले नाहीत का, असं त्यानं उलट विचारलं.

हे प्रस्थान प्रकरण थोडं सांगायला हवं. निघायचा मुहूर्त आधी आणि प्रत्यक्ष प्रवास नंतर असेल, तर मुहूर्तावर नारळ, हळद आणि अक्षतांचं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. जाताना ते उचलायचं. मधे त्याला कुणी हलवायचं नाही, सोडायचं तर नाहीच नाही. आपल्याकडेही जुन्या लोकांत हे होतं; तेलुगू सिनेमावाल्यांत अजून आहे. हिरो परदेशात असला तरी मुहूर्ताच्या मिनिटाला देवाच्या फोटोवर कॅमेरा फिरवून पहिला शॉट घेणारी ही माणसं. राहुकाळ संपेपर्यंत रावगारूंनी अख्खं युनिट उन्हात बसवून ठेवल्याचे किस्से विजयालक्ष्मी हसून सांगायची.

ते पिवळ्या फडक्यातलं गाठोडं सासूबाईंच्या खोलीत कपाटावर ठेवलेलं होतं. गुरुवारी रावगारू ते घेऊन आले तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या बायकोनं, शुभदानं, त्यांना आग्रहानं पाटावर बसवलं आणि आग्रहाच्या भरात आमटीचा डाव त्यांच्या कुर्त्यावर उपडा केला. मी त्यावर दोन विनोद केले आणि बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून विसरलेलो नाही.

शिवाजी त्या वेळी कुठे होता, असं सासूबाईंनी सहज विचारलं. सकाळी दहाला तो सरांच्या दाराबाहेरच होता. पण सर म्हणाले की प्रस्थानाला जाताना मागे कुणी नको, म्हणून तो आपल्या खोलीत जाऊन बसला. नंतर मिलिंदबरोबर ग्रोसरीला गेला आणि चार वाजता परतला.

शिवाजी उठून गेला आणि विजयालक्ष्मी आत आली. तिनं दार लावून घेतलं.

"आंटी, जाईला सोडा," ती म्हणाली. "पासपोर्ट मी घेतला."

४

विजयालक्ष्मी हैदराबादेत वाढली असली तरी मिलिंदच्या संगतीनं चांगलं मराठी बोलते. ती सांगत गेली: नानांचं, म्हणजे वडिलांचं, हार्ट असं, तिकडे ऊन, सभा, धक्काबुक्की, त्यांनी जाऊच नये म्हणून तिनं पासपोर्ट उचलला. कुठे ठेवला? जाळला. कशात? काल इथे आल्यावर, या फायरप्लेसमध्ये, सगळे झोपल्यावर.

सासूबाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शैलेंद्रराव, तुमच्या या शेकोटीचं दार कुठनं उघडतं?"

दार कुठनंच उघडत नाही. गॅसच्या फायरप्लेसला पुढून काच असते आणि ती पक्की बसवलेली असते. साफ करायलासुद्धा माणूस बोलवावा लागतो. विजयालक्ष्मीनं मी हे सांगेपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ओंजळीत तोंड लपवलं.

"कुणासाठी खोटं बोलतेस बाळ?" सासूबाईंनी विचारलं. "जाईसाठी, की नानांसाठी?"

ती इतकंच म्हणाली की, पासपोर्ट हरवल्यापासून नाना पहिल्यांदाच पोटभर जेवले. काल रात्री दही-भात मागून घेतला, शांत झोपले. सेटवर एक घड्याळ हरवलं म्हणून दिवसभर ओरडणारा माणूस. एवढं बोलून ती गेली.

सासूबाईंनी पाकीट माझ्या हातात दिलं. वास घ्या म्हणाल्या. मी घेतला. चामड्याच्या वासाखालून ओळखीचा, खोबऱ्या-तिळाचा, आपल्या गोड्या मसाल्याचा वास येत होता. पाकिटाच्या शिवणीत पिवळी आमटी वाळली होती.

"त्यांच्या घरात गोडा मसाला शिजतो?" त्यांनी विचारलं.

शिजत नाही. मिलिंद त्यासाठीच आमच्याकडे येऊन ताट मागतो. मग सासूबाईंनी सगळं एकेक करून मांडलं. आमटी सांडली गुरुवारी दुपारी, आमच्या पाटावर, रावगारूंच्या खिशावर. ती पाकिटाला लागली, म्हणजे पाकीट गुरुवारी दुपारी त्यांच्या खिशात होतं. जाई खरं बोलत होती. मग पासपोर्ट शुक्रवारी सकाळी पाकिटासकट ड्रॉवरमध्ये होता, असं रावगारू का म्हणाले? ते खोटं बोलले. आणि पासपोर्ट पाकिटाबाहेर का काढला होता? नीट ठेवायचा असता तर पाकिटासकटच ठेवला असता. पाकीट बाहेर राहिलं, कारण पासपोर्ट जिथे ठेवायचा तिथे चामडं चालत नाही.

मला अजून उमगलं नव्हतं. सासूबाईंनी नुसतं वर छताकडे बोट दाखवलं. वर त्यांची खोली होती.

अक्षता, हळद, नारळ. त्यात कुणी चामडं ठेवत नाही. खोटेपणा करायला निघालेला माणूससुद्धा नाही, जर तो देवाला भिणारा असेल तर. शिवाजीनं पिठाचे डबे पालथे घातले, पण प्रस्थानाचं गाठोडं सोडायचं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. जगात याहून सुरक्षित तिजोरी नव्हती.

"पण मुहूर्तावर ठेवलेल्या गाठोड्यात असं..." मी म्हणालो.

"मुहूर्त दहाचा होता. आपण जेवायला कधी बसतो?"

सुट्टीच्या दिवशी दोन वाजता. आमच्या प्लांटला त्या आठवड्यात सुट्टी होती. आणि गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो, हे आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही लिहिलेलं आहे. राहुकाळात ज्यानं कॅमेऱ्याचं बटण कधी दाबू दिलं नाही, तो शेजारच्या दारातून दारात यायला नेमका राहुकाळ धरतो, याचा अर्थ एकच. त्याला आपला प्रवास मोडायला हवा होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. रस्त्यावर मीठ पडलं होतं आणि पोलीस बाई आली होती.

५

शुभदानं त्या ऑफिसर बाईला खाली बसवलं आणि शिवाजीनं तिच्यासमोर तोंड उघडलं. सासूबाईंनी रावगारूंना वर बोलावून घेतलं. मलाही थांबवून घेतलं; साक्षीला कुणी असावं ही त्यांची जुनी खोड.

रावगारू खुर्चीत बसले. पांढरा कुर्ता, कपाळावर बारीक कुंकू, हात मांडीवर. कपाटावरच्या गाठोड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, आणि न पाहण्यातच सगळं दिसलं. सासूबाईंनी आमटीपासून राहुकाळापर्यंत सगळं त्यांना शांतपणे सांगितलं. आवाज चढवला नाही. रावगारूंनीही नाकारलं नाही.

त्यांचं मराठी मोडकं होतं, पण सोलापूरचं होतं. अठराव्या वर्षी विजयवाड्याहून सिनेमाच्या रिळांचे डबे घेऊन ते सोलापूरला यायचे. विणकरांसाठी रविवारी सकाळी तेलुगू खेळ लागायचा. डबे वाहता वाहता वितरक झाले, वितरकाचे निर्माते. पहिले सगळे सिनेमे त्यांनी खाडीकाठच्या एका गावात काढले, कारण तिथं भाडं पडत नसे आणि गावातल्या बायका युनिटला जेवू घालत. मंगम्मा नावाची एक म्हातारी तर प्रत्येक सिनेमात गर्दीत उभी राहायची. आमदार झाल्यावर पक्षानं एक कागद पुढे केला, त्यांनी सही केली, आणि त्या गावाची जमीन बंदराच्या गोदामांसाठी गेली. विरोध करणारे चौघे तुरुंगात बसले. आता त्याच मतदारसंघातून पुन्हा उभं राहायचं होतं, आणि त्याच गावात दारोदार जाऊन हात जोडायचे होते.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं बाई," ते म्हणाले. "मागच्या वेळी गेलो तर मंगम्मा विचारते, पुढचं शूटिंग कधी? मी काय सांगू तिला?"

नाही म्हणा ना पक्षाला, मी न राहवून म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रस्ता न समजणाऱ्या पाहुण्याकडे पाहतो. स्टुडिओ मुलाच्या नावावर होता, मुलगा तिकडेच होता. मागे एकानं नाही म्हटलं, त्याचा पोरगा अजून जामिनासाठी फिरत होता. आजारी पडायचं, तर शिवाजी इथल्या डॉक्टरलाही फोन लावतो. पासपोर्टच हरवला, वर वादळ, कॉन्सुलेट बंद, तर त्यात कुणाचा दोष नाही. सोमवार निघून गेला की त्यांनी गाठोडं परत नेलं असतं.

"पिक्चर पडला तर शुक्रवारी उतरवतात. घरी जायचं, रडायचं, दुसरा काढायचा. इथं पडूबी देत नाहीत, उतरवतबी नाहीत."

"मला पटतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण खाली ती पोरगी बसलीय."

तिला काही होऊ देणार नाही, मी सांगतो ना पोलिसाला, असं रावगारू घाईनं म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, काय सांगणार? तिनं घेतला नाही म्हणालात, तर ती बाई विचारील, कशावरून? आणि ते सांगितलंत की पासपोर्ट सापडलाच. पाकीट तिच्याकडे सापडलंय. ते तुमच्याच खिशात होतं, हे तुम्ही कबूल केल्याशिवाय ती सुटत नाही. आणि तुम्ही कबूल केलंत की तुम्ही सुटत नाही.

खोलीत थंडी होती आणि रावगारूंच्या कपाळावर घाम होता.  खालून शिवाजीचा आवाज येत होता; तो जाईच्या आडनावाचं स्पेलिंग सांगत होता.

"मी हे सोडणार नाही," सासूबाई गाठोड्याकडे पाहत म्हणाल्या. "दुसऱ्याचं प्रस्थान आहे. तुमचं तुम्ही सोडायचं, नाहीतर राहू द्यायचं. मी खाली जाऊन तोंड उघडणार नाही."

आणि त्या खरोखर जिना उतरून गेल्या. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. उत्तर हातात असून त्यांनी ते एका घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर टाकलं होतं, आणि खाली पंचविशीच्या पोरीचा जन्म त्यावर लटकत होता. जिन्यात मी तसं म्हणालोही. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर डोळ्यांत पाणी. वीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

६

ऑफिसर बाई तरुण होती, सभ्य होती. तिनं जाईचं वर्क परमिट पाहिलं, नंबर उतरवून घेतला आणि म्हणाली की घाबरू नकोस, फक्त स्टेशनवर येऊन एकदा स्टेटमेंट द्यावं लागेल. जाईनं जॅकेटची चेन लावली. ती अर्ध्यातच अडकली, तेव्हा शुभदानं वर ओढून दिली. विजयालक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती आणि जिन्याकडे बघत होती.

मग जिना वाजला.

रावगारू एकेक पायरी उतरत आले. छातीशी पिवळं गाठोडं धरलेलं. शिवाजी अर्धवट उठला, कारण प्रस्थान जागचं हललं होतं आणि निघायला अजून वेळ होता. रावगारूंनी गाठोडं आमच्या डायनिंग टेबलवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली. नारळ बाजूला केला. अक्षतांमध्ये निळा पासपोर्ट होता, वर हळदीची बोटं उमटलेली.

"माय मिस्टेक, ऑफिसर," ते म्हणाले. "मीच ठेवला. फॉर गुड लक. म्हातारा माणूस, विसरलो. पाकीट माझ्या खिशात होतं. या मुलीनं काही केलेलं नाही."

ऑफिसर हसली. तिच्या आजीनं एकदा दात फ्रीजमध्ये ठेवले होते, असं काहीतरी म्हणाली, वही मिटली, ड्राइव्हवेवर जपून चाला म्हणाली आणि गेली. हसणारी ती एकटीच होती. शिवाजी टेबलावरच्या अक्षतांकडे बघत होता, मग रावगारूंकडे, मग कपाटातून काढलेल्या आपल्या कोटाकडे. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं फक्त पासपोर्ट उचलला, झटकला आणि आपल्या आतल्या खिशात ठेवला.

रावगारू जाईसमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडून ते तेलुगूत म्हणाले, "क्षमिंचम्मा." तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरच्या पोरीला ते समजलं. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि मग शुभदाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली.

 टेबलावरच्या अक्षता सासूबाईंनी एकेक करून वाटीत गोळा केल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. मे महिन्यात रावगारू निवडून आले. जूनमध्ये जाईला पीआर मिळाला. दोन्ही बातम्या विजयालक्ष्मीनंच आम्हाला सांगितल्या. पेढे मात्र तिनं एकाच बातमीचे आणले. शिवाजीनं तिकडे काय कळवलं ते कुणाला समजलं नाही, पण रावगारूंचा मुलगा अजून बाहेर आहे आणि स्टुडिओ चालू आहे.

मला यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो त्याच संध्याकाळचा एअरपोर्ट. विंटर टायर्स माझ्याच गाडीला होते, म्हणून मी न्यायचं ठरलं. विजयालक्ष्मीला त्यांनी येऊ दिलं नाही. शिवाजी माझ्या शेजारी, रावगारू मागे एकटे. ४०१ हायवेवर सगळी वाहनं मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि दोन्ही बाजूंची झाडं बर्फानं वाकलेली होती.  मी आरशात पाहायचो, तर ते खिडकीबाहेर बघत असायचे.

डिपार्चर्सला गाडी थांबवली. शिवाजी उतरला, ट्रॉली घेऊन आला, बॅगा काढल्या. रावगारू मागे तसेच बसून होते, हात दाराच्या कडीवर. मला वाटलं चुकून चाइल्ड लॉक लागलंय. मी वळून म्हणालो, "उघडंच आहे हो, लॉक नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले.

हात कडीवरच होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग शिवाजीनं बाहेरून दार उघडलं.